आमची वाटचाल : शेपटीपासून पुढे

आमचं मूळ काम पत्र्याचं. पॅनेलचे बॉक्स, डक्ट, मशीनची कव्हरं, मिळेल ते जॉबवर्क. मग एक हौशी विमानबांधणीवाले विमानाच्या किटमधला, म्हणजे सुट्या भागांच्या संचातला, रडरचा पत्रा घेऊन आले, ‘एवढं बेंडिंग बघा’ म्हणाले. त्यांच्या ओळखीने दुसरे आले, दुसऱ्यांच्या ओळखीने तिसरे. हळूहळू डक्टचं काम मागे पडलं आणि रडर, एलेव्हेटर (शेपटीचे हलणारे भाग) आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) हाच आमचा धंदा झाला.

पत्र्याच्या किटची बांधणी बहुधा शेपटीपासून सुरू करतात. भाग लहान असतात, पण भोकं पाडणं, भोकाच्या कडेची धार (बर) काढणं, रिव्हेटचं डोकं बसायला खळगा (डिंपल) करणं, प्रायमर, रिव्हेट, सगळं त्यात येऊन जातं. शेपटी जमली की पंखाला हात घालायचा. नाही जमली, तर हौस तिथेच थांबवता येते. आमच्याकडे दोन्ही प्रकारचे लोक आले आणि थांबलेलेही अजून चहाला येतात.

कंट्रोल सरफेसचा, म्हणजे विमान वळवणाऱ्या या हलत्या भागांचा, पत्रा फार पातळ. कित्येक किटमध्ये 0.016 इंच, म्हणजे जेमतेम 0.4 मिलिमीटर. त्यामुळे ताठपणा देणाऱ्या आतल्या पट्ट्या पत्रा उघडा असतानाच बसवतात. रिव्हेटचं डोकं खाली पोलादी पाटावर टेकवायचं आणि वरून शेपटाकडून ठोकायचं. अशाने बाहेरची बाजू आरशासारखी सपाट राहते. 3/32 इंची रिव्हेटचं ठोकलेलं शेपूट व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच झालं पाहिजे. त्याचं गेज प्रत्येक टेबलावर दोरीने बांधून ठेवलंय, कारण खिशातून घरी जातं.

खरी कसोटी मागच्या कडेची, जिथे पत्रा दुमडतात. घडी फार दाबली तर पत्र्याला तडा जातो. कमी दाबली तर कड फुगीर राहते. दोन एलेरॉनांच्या कडा वेगवेगळ्या झाल्या की विमान एका अंगाला कलू पाहतं. घडी घालण्याआधी पट्ट्यांच्या टोकांशी सिलिकॉनचा गोळा ठेवतात, म्हणजे पत्रा थरथरून तिथे चिरत नाही. ही घडी घालायला आम्ही लांब बिजागरीचा एक साधा लाकडी दाब बनवला. आमच्याकडची सगळ्यात जास्त मागणी असलेली वस्तू तीच.

तयार सरफेस बनवून द्या, अशी मागणी नेहमी येते. आम्ही नाही म्हणतो. हौशी बांधणीच्या परवानगीचा पायाच असा की विमानाचा मोठा हिस्सा माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः बांधलेला हवा. अमेरिकेत याला 51 टक्क्यांचा नियम म्हणतात. म्हणून आम्ही टेबल, अवजारं आणि सरावाचे तुकडे देतो. शेजारी उभं राहून दाखवतो, पण हातोडी मालकाच्याच हातात. या नकारामुळे काही ऑर्डरी गेल्या, पण दुकान चाललं तेही त्याच्याचमुळे, असं मला वाटतं.

दुसरं उत्पन्न बॅलन्सिंगचं, म्हणजे सरफेसचा तोल साधण्याचं. सरफेस ज्या बिजागरीवर हलतो तिच्या मागे वजन जास्त झालं तर ठरावीक वेगाच्या वर सरफेस फडफडू लागतो. हे फ्लटर क्षणात शेपूट मोडू शकतं. त्यासाठी पुढच्या बाजूला शिसं भरतात. काही किटच्या एलेरॉनमध्ये पुढच्या कडेत लोखंडी पाइपच असतो. रंग चढला की वजन मागे सरकतं, म्हणून शेवटचा तोल रंगानंतरच बघायचा. एका पेंटरने चकाकीच्या हौसेने रडरवर जाड पुट्टी ओढली होती. आमच्या स्टँडवर त्याची मागची कड सरळ खाली गेली. पुट्टी खरवडण्यात जो वेळ गेला, तो रंगाला लागलेल्या वेळेपेक्षा जास्त होता.

आता कापडी सरफेससाठी वेगळी खोली केली आहे, कारण पत्र्याचा कीस आणि ओला डिंक एका छताखाली नांदत नाहीत. पॉलिएस्टर कापड सांगाड्याला चिकटवून इस्त्रीने ताणतात. प्रचलित पद्धतीत शेवटचा ताण 350 अंश फॅरनहाइटला देतात. घरगुती इस्त्रीच्या तबकडीवर त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. आधी थर्मामीटर लावून इस्त्री तपासायची, मगच कापडाला टेकवायची.