डोंग्याला पाणी पाजताना

कोजागिरी आटोपली, की पूर्व विदर्भातल्या नदीकाठच्या गावांत दोन तट पडतात. एक धान कापणाऱ्यांचा, दुसरा धान कापायचा सोडून पालथ्या डोंग्याभोवती घिरट्या घालणाऱ्यांचा. पहिल्यांना दुसऱ्यांचा राग येतो आणि तो रास्तच असतो. हलका धान पिवळा पडलेला, मजूर कुठे मिळत नाही, आणि घरचा कर्ता दाभण घेऊन बापाच्या काळातल्या फळीला टोचत बसलेला. कार्तिकी पुनवेला, त्रिपुरीच्या रात्री, जुने डोंगे दिवे लावून रांगेनं पाण्यावर काढायचे असतात. कोजागिरी ते त्रिपुरी म्हणजे एक महिना, आणि त्यातही मधोमध दिवाळी.

डोंगा म्हणजे खरं तर एकाच खोडातून कोरलेला. आता तसे फार कमी उरलेत, त्यामुळे फळ्या जोडून केलेल्या सपाट बुडाच्या नावेलाही वैनगंगेकाठी डोंगाच म्हणतात. साधारण अठरा फूट लांब, मधे साडेतीन फूट रुंद. परवडलं त्यानं सागाचा केला, नाही परवडलं त्यानं बुडाला साग आणि वर मिळेल ते लाकूड लावलं. मासेमारीला आता फायबरच्या नावा आल्या, शिंगाड्याच्या तळ्यात तर ट्रकच्या ट्यूबवरही काम भागतं. माणसं ने-आण करायचं काम पुलांनी संपवलं. आंभोऱ्याला पाच नद्यांच्या संगमावर 700 मीटरहून लांब केबल-स्टेड पूल उभा राहिला. त्याच्यावरून लोक खालच्या पाण्याचे फोटो काढतात. त्याच पाण्यातून पूर्वी सायकल, बकरी आणि नवरदेव एकाच नावेतून पलीकडे जायचे. पुलाबद्दल तक्रार करायला तोंड नाही, रात्री-बेरात्री बाळंतीण अडकत नाही हे मोठंच. पण डोंगा मात्र अंगणात येऊन पडला. त्याच्यावर गोवऱ्या वाळतात, खाली कोंबडी अंडी घालते.

आणि अंगणात पडलेला डोंगा गळतो. हे नवख्याला उलटं वाटतं. पाण्यात होता तेव्हा गळत नव्हता, कोरड्यात ठेवला आणि गळायला लागला, असं कसं? लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, हवेत ओलावा नावाला उरत नाही. आठ इंच रुंद फळी अशा उन्हाळ्यात दोन टक्के जरी आटली, तरी सव्वा सूत जागा होते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे सुताराच्या पोराला सांगावं लागत नाही. अशा बुडाला पाच फळ्या धरल्या, तर डोंग्यातून दिवसा उजेड दिसतो. मालक हाय खातो. खरं तर त्यात हाय खाण्यासारखं काही नसतं. उजेड दिसतो तिथून पाणी थांबवता येतं. भीती असते ती न दिसणाऱ्या जागेची.

म्हणून आधी ठोकून बघायचं. डोंगा पालथा घालून दाभणाच्या मुठीनं टोकापासून टोकापर्यंत ठोकत जायचं. निरोगी फळी ‘टण्ण’ म्हणते, कुजलेली ‘थप्प’. थप्प आलं तिथे दाभण टोचायचं. सहज दोन सुतं आत गेलं, तर ती जागा खडूनं खुणेची. दोन्ही टोकं, आतल्या फासळ्यांच्या बुडाखालची जागा आणि जिथे फळी फासळीला भिडते तो कोपरा, या तीन ठिकाणी रोग बहुतेक सापडतोच. कारण साधं आहे. नदीच्या पाण्यात सतत बुडालेली फळी सहसा कुजत नाही, तिथे बुरशीला हवा मिळत नाही. कुजवतं ते आत साचलेलं पावसाचं पाणी, आज ओलं, उद्या दमट, परवा पुन्हा ओलं. डोंगा उताणा ठेवून पावसाळा काढला, की एका हंगामात दहा वर्षांचं नुकसान होतं. पालथा ठेवला पण थेट मातीवर ठेवला, तर उधई लागते. चार दगडांवर वीतभर उंच, पालथा, सावलीत, खालून वारा खेळता, एवढंच मागतो तो. दगडांना जळकं ऑइल फासलं तर उत्तम.

कुजलेला तुकडा काढायचा तर हात आखडता घेऊ नये. काळं दिसतं तेवढंच कोरून त्यात लांबी, म्हणजे खडू-तेलाची लुकण, भरणारे पुष्कळ असतात. पुढच्या वर्षी त्या लांबीच्या भोवतीनं नवी खाच तयार असते. चांगलं लाकूड लागल्यावरही वीतभर पुढे जाऊन कापावं आणि ठिगळाचा जोड फासळीवर येईल असा घ्यावा.

खिळ्यांचं प्रकरण वेगळंच. साधा लोखंडी खिळा गंजतो, गंजताना फुगतो आणि फळीला आतून फोडतो. खिळ्याभोवती लाकूड निळसर-काळं दिसलं, तर तो खिळा नावापुरता उरलाय असं समजावं. डोकं शाबूत दिसतं, मान गेलेली असते. तो उपटून त्याच भोकात नवा ठोकणं म्हणजे सैल दातावर कवळी बसवणं. जुनं भोक लाकडी खुंटी ठोकून बुजवायचं आणि बोटभर बाजूला जस्त चढवलेला खिळा मारायचा, तोही आधी बारीक भोक पाडून. ऐन किंवा बीजा असं कडक लाकूड असेल तर भोक पाडल्याशिवाय खिळा जातच नाही, वाकतो तरी किंवा फळी चिरतो तरी.

मग सांधे भरणं. पूर्ण तयारीत हेच सगळ्यात देखणं काम आहे, पण बघायला कुणी येत नाही. पूर्वी शेताच्या धुऱ्यावर अंबाडीची ओळ असायचीच. भाजीला पानं, चटणीला फुलं, आणि कुजवून काढलेला वाख दोरांना. तो वाख मिळाला तर सोनं, नाहीतर बाजारातली सुतळी उकलून घ्यावी. नायलॉनची दोरी घेऊ नये, ती पाणी पीत नाही आणि फुगत नाही. आपल्याला फुगणारं हवं असतं. वाखाची पेन्सिलीएवढी सैल वात वळायची, जवसाच्या तेलात बुडवून पिळायची. बोथट केलेली पटाशी सांध्यावर धरून लाकडी मोगरीनं ती वात आत बसवत जायची. सुरुवातीला आवाज मऊ येतो, वात बसत गेली की कोरडा आणि खणखणीत होतो. तो आवाज आला की थांबायचं. हे थांबणंच कुणाला जमत नाही. अंगात जोर असतो, सांधा रुंद दिसतो, म्हणून दोन वाती, तीन वाती कोंबल्या जातात. पुढे फळ्या पाणी पिऊन फुगल्या की त्यांना फुगायला जागा उरत नाही. मग त्या एकमेकींना रेटतात, खिळे उपसतात, एखादी फासळी मोडते. कोरड्या डोंग्याचा सांधा थोडा उपाशी ठेवायचा असतो.

वात पृष्ठभागापासून एक सूत आत राहिली पाहिजे. ती खाच लांबीनं भरायची. किलोभर खडूच्या भुकटीला पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम जवसाचं तेल. एकदम ओतू नये, मळत मळत घालावं आणि पोळीच्या कणकेइतकं मऊ झालं की थांबावं. त्याआधी खाचेला तेलात कालवलेल्या शेंदराचा एक हात देतात. हा शेंदूर म्हणजे मारुतीला लावतात तोच, शिशाचा. लोखंड आणि लाकूड राखायला तो पूर्वापार वापरात आहे. हा हात दिला नाही तर कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि आठवड्यात लांबी भुगा होऊन गळून पडते. मात्र शिसं हे विषच. जुना शेंदूर खरवडताना तोंडाला दुपट्टा बांधावा, जेवणाआधी हात साबणानं धुवावे आणि लहान पोरांना आसपास फिरकू देऊ नये. देवाचा म्हणून तो कमी विषारी होत नाही.

जवसाच्या तेलाची आणखी एक खोड आहे. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, की वाळता वाळता तो आपोआप तापतो आणि विडी-काडीशिवाय पेटतो. शेजारी तणसाचं पुंजणं असलं की संपलंच. चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्या नाहीतर पाण्याच्या बादलीत टाकाव्या.

डांबराबद्दल गावोगाव वाद असतात. रस्त्याचं काम सुरू असलं की ठेकेदाराच्या पिंपातून डबाभर डांबर ‘मिळतं’. ते घेऊ नये, आणि हा सल्ला काही सज्जनपणाचा नाही. रस्त्याचं डांबर लाकडावर जाड बसतं, थंडीत तडकतं, उन्हात वितळून धोतराला लागतं. दुकानात मिळणारं कोलतार पातळ असतं, फळीत मुरतं. अठरा फुटी डोंग्याला बाहेरून दोन हात द्यायला पाचेक लिटर पुरतं. थेट जाळावर न ठेवता गरम पाण्याच्या घमेल्यात डबा ठेवून तापवावं, कडक उन्हात, पूर्ण वाळलेल्या फळीवर, ब्रश रगडून लावावं. फळी दमट असेल तर चार दिवसांत फोड येतात. पहिला हात दिवाळीच्या आधी, दुसरा भाऊबीजेनंतर. मधल्या दिवसांत तसंही कुणी हाताला लागत नाही, आणि दोन हातांमध्ये तेवढं वाळणं लागतंच.

त्रिपुरीला सहा-सात दिवस उरले की डोंगा पाण्याला लागतो. त्या संध्याकाळचा काठावरचा संवाद बहुतेक दरवर्षी असाच होतो:

“काय गा, गळते नं?”

“गळत नाही काका, पेऊन रायला.”

हे नुसतं लंगडं समर्थन नव्हे. कंबरभर पाण्यात डोंगा नेऊन, आत धोंडे ठेवून, काठापर्यंत बुडवून ठेवतात. पहिल्या दिवशी तो चाळणी असतो. दुसऱ्या दिवशी उपसून बघितला तर धारा थांबून पाझर उरलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फळ्या एकमेकींना भिडतात, वात आवळली जाते, उपाशी ठेवलेला सांधा पोटभर होतो. लाकडाच्या अंगात वजनाच्या तीसेक टक्के पाणी मुरलं की ते पुढे फुगत नाही, त्यामुळे आठ दिवस ठेवून चारापेक्षा जास्त पुण्य लाभत नाही. तरी कुणीतरी पहिल्याच दिवशी घाबरतो, डोंगा ओढून काढतो आणि दोन रंगांच्या गोळ्या मळून करायचं ते कडक सील फटींत चेपतो. फळी फुगते, सील फुगत नाही, आणि जिथे फट होती तिथे आता भेग पडते. पाचव्या दिवशीही एखाद्या जागी करंगळीएवढी धार असेल, तर मात्र तिथे वात चुकलीय. पुन्हा वर काढून तेवढाच सांधा उकलायचा, दुसरा इलाज नाही.

सजावट शेवटच्या दुपारी होते आणि तिच्यावरच सगळ्यात जास्त चर्चा होते. उसाची कमान, झेंडू, धानाच्या लोंबांचं तोरण, मधे पणत्या. कमान डोंग्याच्या रुंदीपेक्षा उंच करू नये, हे सांगून कुणी ऐकत नाही. उंच कमान वारा धरते, आणि सपाट बुडाचा डोंगा वाऱ्याला लगेच आडवा होतो. पणत्या पाण्यावर टिकत नाहीत. टिकवायच्याच तर वाळू भरलेल्या घमेल्यात, खाली बसवून. बाकी रोषणाईला बारा व्होल्टची पट्टी आणि सात अँपिअर-अवरची छोटी बॅटरी घ्यावी. दहा वॅटची पट्टी त्यावर चारेक तास निवांत चालते, बॅटरीचाही जीव जात नाही. इन्व्हर्टरचा 230 व्होल्टचा करंट ओल्या डोंग्यात आणू नये. या बाबतीत मात्र मतभेदाला जागा नाही.

वजनाचा हिशेब सोपा आहे. एवढ्या मापाचा डोंगा साठ किलोच्या माणसामागे दीडेक सेंटिमीटर खाली बसतो. सहा माणसं चढली तर चार बोटं-पाच बोटं. म्हणजे वजनानं बुडायची भीती थोडीच. काठ पाण्यापासून वीतभर वर दिसला पाहिजे, बस. भीती असते ती सहाही माणसं फोटोसाठी एका बाजूला येण्याची. त्यात आत इंचभर पाणी साचलेलं असेल, तर ते सहज दोन पोती धानाएवढं वजन होतं, आणि पोती जागेवर बसतात, पाणी बसत नाही. डोंगा कलला की ते सगळं त्याच बाजूला धावतं. लाइफ जॅकेट सगळ्यांना, अंगावर, पट्टे आवळून. नवा सदरा झाकला जातो, हे खरं आहे.

गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये रांग काढायची असेल, तर दुपारी उजेडात एकदा वाट फिरून यावी. पाण्याखाली जुन्या शेतांतली वाळलेली झाडं उभी असतात, बुंध्याचं टोक टेकलं की फळीला टोचतंच. नाग नदीच्या घाणीवर पोसलेली जलपर्णी कन्हानमार्गे इथवर येते आणि सकाळी मोकळी असलेली वाट संध्याकाळी बुजते. बांबू घेतलेला डोंगा त्यातून रेटत जातो. मोटरबोटीचा पंखा गुरफटून बंद पडतो. म्हणूनही आणि तिच्या लाटांमुळेही मोटरबोट रांगेच्या शेवटी असावी. पण तिच्यावर माईक असतो, पाहुणे असतात, म्हणून ती दरवर्षी पुढेच असते आणि मागचे डोंगे तिच्या लाटा झेलत येतात.

प्रत्येक डोंग्यात एक माणूस खाली बसलेला असतो, कमानीच्या मागे, फोटोत न येणारा. त्याच्या हातात तेलाचा पंधरा लिटरचा डबा, अर्धा कापलेला, कडा आत दुमडून ठोकलेली. कितीही वाख भरला, कितीही पाणी पाजलं, तरी थोडं आत येतंच, आणि ते तो न थांबता बाहेर टाकत राहतो. त्या डब्याला वावभर दोरी लावून ती फासळीला बांधलेली असावी. गडबडीत पाण्यात सगळ्यात आधी तोच जातो.