तुम्ही विचारलंत म्हणून : मोशन सेन्सर अडकला की काय करायचं?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा रात्री उशिरा येतो, कारण विचारणारा न्यू जर्सीत नाहीतर डब्लिनमध्ये असतो आणि हालचाल टिपणारा सेन्सर असतो आई-बाबांच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. ‘पॅसेजमधला सेन्सर कालपासून हालचाल आहे, हालचाल आहे असंच दाखवतोय. बाबांना बॅटरी काढून घालायला सांगितलं की थोडा वेळ बरा चालतो, मग पुन्हा तेच. नवा घेऊ का?’ कधी याच्या उलट असतं. आई घरभर वावरतेय, फोनवर बोलतेय आणि ॲप म्हणतंय की स्वयंपाकघरात सकाळपासून कोणी फिरकलेलंच नाही. इथे राहणाऱ्यांची तक्रार त्या मानाने सौम्य: बाथरूमचा दिवा विझत नाही, बिल वाढतंय. दुखणं मात्र दोघांचं एकच.

माझं उत्तर ठरलेलं आहे. बॅटरीला हात लावू नका, आधी ॲपमधली नोंद बघा. बॅटरी काढून घातली की सेन्सर नव्याने उठतो, हबकडे, म्हणजे घरातल्या सगळ्या सेन्सरचे निरोप गोळा करणाऱ्या यंत्राकडे, नव्याने हजेरी लावतो आणि दुखणं नेमकं कुठे होतं त्याचा माग पुसला जातो. चार दिवसांनी पुन्हा तेच होतं आणि आपण पुन्हा बॅटरी काढतो.

सेन्सरच्या पोटात काय असतं ते थोडक्यात. पांढऱ्या प्लास्टिकच्या घुमटामागे एक छोटा पायरोइलेक्ट्रिक, म्हणजे उष्णतेतला बदल ओळखणारा, घटक असतो, त्याचे दोन भाग. घुमटावरच्या खाचा म्हणजे फ्रेनेल भिंगं. ती खोलीचे पट्टे पाडतात. उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की आधी एका भागावर उष्णता पडते, मग दुसऱ्यावर. त्या फरकावर सगळा खेळ. त्याला माणूस दिसत नाही, सरकणारी ऊब दिसते. ही यंत्रणा इतकी साधी आहे की ती स्वतः क्वचितच अडकते. अडकतो तो तिचा निरोप.

बॅटरीवरचा सेन्सर जवळजवळ सतत झोपलेला असतो. हालचाल झाली की जागा होतो, रेडिओवरून एक निरोप टाकतो आणि पुन्हा झोपतो. तुमच्या फोनवर दिसतो तो हबला शेवटचा मिळालेला निरोप, आत्ताची परिस्थिती नव्हे. ‘हालचाल आहे’ हे सांगायचं काम सेन्सरचंच. पण ‘आता थांबली’ हे कोणी सांगायचं, ते मॉडेलप्रमाणे बदलतं. माझ्याकडे येणारी बरीच प्रकरणं इथेच सुटतात.

काही सेन्सर दोन्ही निरोप स्वतः पाठवतात. त्यातला दुसरा वाटेत हरवला तर हब बिचारा ‘हालचाल आहे’ धरून बसतो. कोणीतरी पुन्हा समोरून गेलं, दोन्ही निरोप नीट पोहोचले, की गाडी आपोआप रुळावर येते. काही सेन्सर मात्र थांबल्याचं कधीच सांगत नाहीत. अकारा कंपनीचा जुना झिगबी सेन्सर घ्या (झिगबी म्हणजे अशा उपकरणांची कमी विजेत चालणारी रेडिओची भाषा): ‘हालचाल’ एवढं सांगून तो मिनिटभर गप्प बसतो, बस. पुढचं घड्याळ सॉफ्टवेअरने लावायचं. हबचं काम करणारं झिगबी टू एमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते घड्याळ मुळात ९० सेकंदांचं असतं. आता त्या ९० सेकंदांत लाइट गेली किंवा सॉफ्टवेअर अपडेट होऊन रीस्टार्ट झालं, तर ‘हालचाल आहे’ ही अवस्था साठवलेली राहू शकते आणि घड्याळ मात्र विसरलं जातं. मग रिकाम्या घरात सेन्सर तासन्‌तास जागा. अशा वेळी सेन्सर बदलून काय होणार? त्याने त्याचं काम केलेलं असतं.

तुमचा सेन्सर कोणत्या जातीचा, हे ओळखायला माहितीपत्रक शोधायची गरज नाही. ॲपमध्ये त्याचा इतिहास उघडा. ‘हालचाल’च्या रंगीत पट्ट्या दिसतील, काही लांब, काही आखूड. फक्त सगळ्यांत आखूड पट्ट्या बघा. त्या सगळ्या एकाच मापाच्या, समजा बरोब्बर दीड मिनिटाच्या, निघाल्या तर कुठेतरी ठरावीक घड्याळ चाललंय; ते हबमध्ये की सेन्सरमध्ये, ते सेटिंगमध्ये कळतं. मग अडकलेल्या लांबलचक पट्टीची सुरुवात किती वाजता झाली ते बघा आणि त्या सुमारास घरात काय घडलं ते विचारा. लाइट गेली होती का? वायफायचा डबा कोणी बंद-चालू केला का? हब त्याच वेळी रीस्टार्ट झालेला दिसला, की शोध संपला.

पट्टी रोज रात्री साधारण एकाच वेळी अडकत असेल तर मी सरळ विचारतो, झोपताना बटणं कोण बंद करतं? आपल्याकडची मागची पिढी रात्री घरभर फिरून टीव्हीचं, गीझरचं, चार्जरचं, दिसेल ते बटण बंद करते. सवय चांगलीच आहे, मोडायला सांगू नका. पण झिगबीच्या जाळ्यात थेट विजेवर चालणारे बल्ब आणि प्लग हे मधले टप्पे असतात. लांबचा सेन्सर आपला निरोप त्यांच्यामार्फत हबकडे पोहोचवतो. हॉलमधला स्मार्ट बल्ब भिंतीवरच्या बटणाने मारला की त्याच्या आधाराने बोलणारा पॅसेजमधला सेन्सर पोरका. काही सेन्सर लगेच दुसरा आधार शोधतात, काही जुन्यालाच चिकटून राहतात आणि त्यांचे निरोप हवेत विरतात. अपराधी बल्ब, शिक्षा सेन्सरला.

उपाय स्वस्त आहे. झिगबी प्लग किंवा रिपीटर (निरोप पुढे पोहोचवणारं छोटं यंत्र) अशा सॉकेटमध्ये लावा जिथे कोणाचा हात जात नाही. फ्रिजच्या मागे ठीक. इन्व्हर्टरवरचा पॉइंट मिळाला तर त्याहून उत्तम, कारण लाइट गेली तरी जाळं उभं राहतं. वायफायच्या डब्यापासून मात्र थोडा लांब ठेवा. मग सेन्सर हातात घेऊन हबशेजारी नव्हे, तर तो जिथे कायमचा लावायचा आहे तिथेच पुन्हा पेअर करा, म्हणजे हबशी नव्याने जोडा. यादीतून आधी डिलीट करू नका. तसाच पेअर केला की बहुतेक ठिकाणी नाव आणि ऑटोमेशन जागच्या जागी राहतात.

हवेतली गर्दी हाही एक भाग आहे, त्यावर फार वेळ घालवू नका. झिगबी आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. वायफाय १, ६ आणि ११ या चॅनेलवर असतं तेव्हा झिगबीचे १५, २०, २५ हे चॅनेल साधारण मधल्या फटींत पडतात. तुमचा हब म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याला लावलेला झिगबी रेडिओचा डोंगल असेल, आणि तो थेट यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये खोचला असेल तर आज रात्रीच मीटरभराची एक्स्टेन्शन वायर लावून त्याला कॉम्प्युटरपासून दूर करा. त्या पोर्टचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो, आणि शंभर-दोनशे रुपयांची वायर कधीकधी अख्ख्या घराचे सेन्सर सुधारते.

आता बॅटरी. ॲपमधल्या टक्क्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. सीआर २४५० सारखा लिथियमचा बटन सेल जवळजवळ शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या आसपासच दिसतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे ६० टक्के दाखवणारा सेलही मरणपंथाला लागलेला असू शकतो. मल्टिमीटरही इथे फसवतो, कारण नुसत्या सेलवर भार नसतो. खरी परीक्षा होते ती रेडिओ चालू होण्याच्या क्षणी. त्या क्षणभराच्या ओढीला थकलेल्या सेलचा व्होल्टेज बसतो आणि निरोप निघतच नाही. तुमच्या सेन्सरवर दिवा असेल तर समोर हात हलवा. दिवा लुकलुकतोय आणि ॲपमध्ये काहीच येत नाही? म्हणजे डोळे शाबूत आहेत, आवाज गेलाय. आधी सेल बदला, मग जाळ्याकडे वळा.

‘कोणीच नाही’वर अडकणं ही वेगळी गोष्ट, आणि त्यात आपल्या हवेचा हात मोठा. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडून ठरावीक तक्रार येते: सेन्सर सकाळी झकास चालतो, दुपारी मुका होतो, रात्री पुन्हा सुधारतो. यात बिघाड नाही. त्वचा साधारण ३३-३४ अंशांची आणि दुपारच्या खोलीतली भिंतही तेवढीच तापलेली. फरकच उरला नाही तर फरकावर जगणारा सेन्सर काय बघणार? कूलर लावून खोली थोडी उतरली की तो बोलायला लागतो. संवेदनशीलता वाढवून बघायला हरकत नाही, पण मग झडपेतून येणारा गरम झोत आणि उन्हातला पडदाही त्याला माणूस वाटू लागतो. पाल घुमटावर येऊन बसली तर तीसुद्धा. दिवाळीपूर्वी घराला रंग दिला असेल तर घुमटावर डिस्टेंपरचा पातळ थर बसलाय का, तेही बघा. ओल्या मऊ कापडाने पुसायचा, खरवडायचा नाही.

शिवाय आजोबा खुर्चीत पेपर वाचत तासभर बसले तर हा सेन्सर त्यांना घरात धरणारच नाही. बसलेला माणूसही हवा असेल तर मिलिमीटर लहरींचा रडार सेन्सर लागतो. तो श्वासाने होणारी छातीची हालचालही टिपतो, आणि फिरता सीलिंग फॅनही. पुण्या-मुंबईत घेतलेले हे सेन्सर मे महिन्यात महिनाभर ‘माणूस आहे’वर का अडकतात, याचं उत्तर बऱ्याचदा छताला लटकलेलं असतं. पंखा बंद करून दोन-चार मिनिटं थांबा, स्थिती बदलली तर चोर सापडला. एलडी २४१० सारख्या २४ गिगाहर्ट्‌झच्या सेन्सरमध्ये ७५-७५ सेंटिमीटरचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याची संवेदनशीलता वेगळी लावता येते. पंखा ज्या अंतरावर येतो त्या टप्प्याची कमी करायची, किंवा सेन्सरची जागाच अशी निवडायची की पंखा त्याच्या नजरेत येणार नाही. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. सेटिंग कोणीतरी कधीतरी रीसेट करतंच.

आई-वडिलांसाठी सेन्सर लावणाऱ्यांना एक वेगळं सांगणं. ‘हालचाल आहे’ ही अवस्था बघून निश्चिंत होऊ नका, अडकलेला सेन्सरही तेच सांगत असतो. शेवटचा नवा निरोप किती वाजता आला ते बघा. सूचना अशी लावा की सकाळी सहा ते दहामध्ये पॅसेज, स्वयंपाकघर, बाथरूम यांपैकी एकाही ठिकाणाहून नवी हालचाल आली नाही, तरच फोन वाजावा. सेन्सर जाळ्यातून गायब झाला तर त्याचा निरोप वेगळा, साधा, न घाबरवणारा असावा. या बाबतीत सॉफ्टवेअर सावकाश असतं: झिगबी टू एमक्यूटीटी बॅटरीवरच्या सेन्सरला २५ तास गप्प राहिल्याशिवाय गैरहजर मानत नाही. ती मर्यादा कमी करता येते, पण हा सेन्सर कोणी हललं नाही तरी तासाभरात एकदा आपणहून हजेरी देतो का, ते आधी तपासा. आणि शेजारच्या काकूंचा नंबर फोनमध्ये असू द्या. दार वाजवून बघणारं माणूस लागतंच.

एवढं करूनही गाडं अडलं तर अडकणारा सेन्सर आणि दुसऱ्या खोलीतला नीट चालणारा सेन्सर यांची जागा आपसांत बदला आणि आठवडाभर तसंच राहू द्या. खोड सेन्सरबरोबर नव्या खोलीत गेली तर सेन्सर खराब, खुशाल नवा मागवा. पॅसेजमध्ये चांगला सेन्सरही अडकायला लागला तर पैसे रिपीटरवर घाला.