अर्ध्या मापाचा स्मीटन टॉवर: २३ थर झाले

मंडळी, परवाच्या शनिवारी गुहागरच्या घराचा २३वा थर बसला. एकूण ४० करायचे आहेत. जोत्यापासून साडेचौदा फुटांच्या जवळपास पोचलो. रस्त्यानं जाणारी माणसं आता थांबतात आणि इथे दीपगृह कधीपासून आलं म्हणून विचारतात.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. सुट्टीत येऊन राहायला एकावर एक खोल्या आणि वर काचेची खोली, एवढंच घर आहे. आकार इंग्लंडमधल्या प्लिमथच्या स्मीटन टॉवर या जुन्या दीपगृहाचा, सगळं निम्म्या मापात. मूळ मनोरा ७२ फूट उंच, तळाशी २६ फूट व्यास, वर १७. आपला ३६, १३ आणि साडेआठ. जोतं ३ फूट, चिऱ्याचं, म्हणजे तासलेल्या जांभ्या दगडाचं काम २५ आणि वरची काचेची खोली ८.

या वेळचा सगळा हिवाळा मनोऱ्याच्या बाहेरच्या रेघेचा बाक साधण्यात गेला. जॉन स्मीटन या इंजिनिअरनं प्लिमथजवळच्या समुद्रातल्या एडिस्टन खडकावर हा मनोरा मुळात बांधताना ओक झाडाचं खोड डोळ्यापुढे ठेवलं होतं: बुंधा रुंद, मग झपाट्यानं निमुळता, वर जवळजवळ सरळ. ती रेघ चुकली की मनोऱ्याचं धुराडं होतं. आमच्या मापात तळापासून माथ्यापर्यंत त्रिज्या २७ इंच कमी व्हायला हवी. मी ती पहिल्या दहा थरांत १४, पुढच्या दहांत ७, मग ४ आणि शेवटी २ अशी वाटली. मधोमध लोखंडी पाइप उभा करून त्याला फिरती पट्टी लावली. प्रत्येक थराला पट्टी तेवढी आत सरकवायची, तिच्या टोकाला चिरा भिडवायचा. ‘चौकोनी चिऱ्याला गोल व्हायला शिकवताय, घाई करू नका,’ असं मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले होते. प्रत्येक चिरा दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तासावा लागतो. दिवसाला एक थर झाला तरी आम्ही खूश असतो.

चूक १७व्या थराला सापडली. ओळंबा सोडला तर समुद्राकडची बाजू पाऊण इंच बाहेर. पाइपच कलला होता आणि तो मी आठ दिवस तपासला नव्हता. दोन थर उतरवले, पाइपला तीन बाजूंनी ताण दिले. आता रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी पाइपला ओळंबा लावतो. अजून एक: खालच्या थरांत प्रत्येक चिरा सव्वा-दीड इंच आत जातो, म्हणजे बाहेर बारीक कट्टा उरतो आणि त्यावर पाणी थांबतं. मार्चमधल्या अवकाळी सरीनंतर आतून ओल दिसली तेव्हा हे लक्षात आलं. ते सगळे कट्टे आता उताराला तासून घेतलेत. जांभ्यात असं काही करणार असाल तर हे आधीच करा.

चुन्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. स्मीटननं चुनखडीचे नमुने गोळा करून पाहिलं, तेव्हा त्याला कळलं की ज्या चुनखडीत चिकणमाती असते तिचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो. एडिस्टनसाठी त्यानं वेल्सच्या ॲबरथॉचा चुना आणि इटलीची ज्वालामुखीची राख सारख्या प्रमाणात घेतली. आपल्याकडे त्या राखेचं काम सुर्खी, म्हणजे विटांची पूड करते. जुने गवंडी ती चुन्यात घालतच आले. मी एक भाग चुना, एक सुर्खी, दोन वाळू धरून लिंबाएवढे गोळे वळले आणि बादलीत सोडले. नुसत्या चुन्याचा गोळा पाण्यात विरघळून तळाशी बसला. सुर्खीचा चौथ्या दिवशी हाताला कडक लागला, दहाव्या दिवशी नखाचा ओरखडा उठेना. स्मीटननंही असेच गोळे पाण्यात टाकून पाहिले होते. तो ओला, तांबूस गोळा बादलीतून काढून हातावर घेतला, तेव्हा पुढचे सगळे थर याच चुन्यात करायचे हे ठरलं.

वरच्या खोलीतल्या दिव्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. १६ ऑक्टोबर १७५९ला एडिस्टनवर पहिल्यांदा उजेड झाला तो २४ मेणबत्त्यांचा. तेवढेच २४ छोटे दिवे एका कड्यात लावणार, पण स्थिर आणि मंद, आणि समुद्राकडच्या काचांना आतून जाड पडदे. रात्री होडीवाल्यांना हा खरा दिवा वाटता कामा नये. दिवसा ते दीपगृह रंगावरून ओळखतात, म्हणून प्लिमथसारखे तांबडे-पांढरे पट्टेही नाहीत. चिरा उघडाच राहील.

मूळ मनोऱ्याचा दगड खचला नव्हता, खालचा खडक झिजत होता. म्हणून तिथे जेम्स डग्लस या इंजिनिअरचा नवा मनोरा १८८२ला उभा राहिला, स्मीटनचा वरचा भाग उतरवून प्लिमथ गावात होव (Hoe) या समुद्राकाठच्या उंच मैदानावर नवा तळ बांधून त्यावर चढवला, आणि १८८४ला तो लोकांसाठी खुला झाला. जुना बुंधा अजून समुद्रात आहे.

पावसाळ्याआधी २६ थर करून थांबणार. माथ्यावर कौलं रचून वर ताडपत्री, आणि चुना लवकर सुकू नये म्हणून तोवर रोज दोनदा पोती भिजवायची.