रात्रीचा दिवस होतो का?

"अगं, तो चष्मा लावला की रात्री दिवसासारखं दिसतं ना? मग रात्रभर पाणी मारून वणवा का नाही विझवत ते लोक?" साताऱ्याहून मावशी फोनवर हे विचारते. इथे गणपतीच्या जेवणाच्या रांगेतही कुणी ना कुणी विचारतंच. मी दक्षिण कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टर वैमानिकांचे नाइट व्हिजन गॉगल्स तपासण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम करते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

दिवसासारखं दिसत नाही.

आपल्याकडे गॉगल म्हटलं की उन्हातला काळा चष्मा डोळ्यांसमोर येतो. हे गॉगल्स म्हणजे हेल्मेटच्या पुढे बसवलेल्या दोन छोट्या दुर्बिणी. चांदण्यांचा जो काही उजेड आत शिरतो, तो आधी एका पातळ थरावर पडतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. मग लाखो बारीक छिद्रं असलेल्या काचेच्या चकतीतून जाताना ते हजारो पटींनी वाढतात आणि शेवटी पडद्यावर आदळून हिरवं किंवा पांढरट चित्र उमटवतात. वैमानिक बघतो ते डोंगराचं चित्र, डोंगर नव्हे.

दोन्ही मुठी पोकळ करून डोळ्यांना लावा. साधारण तेवढंच दिसतं, 40 अंशांच्या आसपास. बाजूचं बघायचं तर अख्खी मान वळवावी लागते, आणि त्या मानेवर हेल्मेट, गॉगल्स, शिवाय तोल सांभाळायला मागे लावलेलं बॅटरीचं वजन असतं. खोलीचा अंदाज तर फारच कमी येतो. नोकरीच्या सुरुवातीला एका अमावास्येला मी धावपट्टीच्या कडेला गॉगल्स लावून उभी राहिले. आकाशात इतके तारे मी जन्मात पाहिले नव्हते, माझा श्वासच अडकला. तशीच चार पावलं पुढे गेले आणि कुंपणाच्या जाळीवर आदळले. खांब दिसत होते, जाळी दिसलीच नव्हती.

विजेच्या तारांचं अगदी हेच होतं. खांब किंवा मनोरा दिसतो, तार दिसत नाही. म्हणून जिथे रात्री जायचं तो भाग दिवसाउजेडी फिरून बघितलेला असावा लागतो. तारा कुठून कुठे जातात, पाणी कुठे भरायचं, कुठे उतरायचं, हे नकाशावर आधी मांडलेलं असावं लागतं. रात्रीच्या उड्डाणाचं निम्मं काम दिवसा होतं, असं मला मनापासून वाटतं.

त्यात समोर आग. उजेड वाढला की गॉगल्स आपोआप आपली ताकद कमी करतात, म्हणजे ज्वाळा समोर आली की आजूबाजूचा उतार काळोखात बुडतो. ज्वाळेभोवती तेजाचं कडं पसरतं आणि त्याच्यामागे झाड असो की खांब, झाकला जातो. धुराचा पातळ पडदा असेल तर थोडंफार पलीकडचं दिसतं, दाट धुरापुढे गॉगल्सचंही काही चालत नाही. तळ्यावर तरंगत नळीनं पाणी ओढताना वेगळीच अडचण. खाली नुसतं काळं पाणी, पंख्याच्या वाऱ्यानं त्यावर लाटा पळतात आणि हेलिकॉप्टर स्थिर असूनही सरकतंय असं वाटतं. फायरहॉकसारखं हेलिकॉप्टर एका खेपेला 1000 गॅलन, म्हणजे जवळजवळ 3800 लिटर पाणी नेतं. ते भरताना नजर काठावरच्या एखाद्या खडकावर ठेवावी लागते.

मग एवढं करून जायचं कशाला? कारण बहुतेक रात्री वणवा दमलेला असतो. हवा गार होते, दमटपणा वाढतो, वारा पडतो. लहानपणी यवतेश्वरच्या उतारावर गवत पेटलं की मामा आणि वाडीतली माणसं दिवस मावळल्यावरच ओल्या डहाळ्या घेऊन निघायची, ती याच कारणानं. आणि दिवसा धुरात हरवणारा एकुलता निखाराही गॉगल्समधून लांबून लखलखतो. तो सकाळच्या वाऱ्याआधी गाठता आला, तर पुढचे कितीतरी दिवस वाचतात.

हे ज्ञान फुकट आलेलं नाही. लॉस एंजलिसच्या डोंगरांत 1970 च्या दशकातच रात्रीची उड्डाणं सुरू झाली होती. 1977 च्या जुलैत पाणी भरायला उतरताना दोन हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळली आणि एक वैमानिक गेला. पुढे काही वर्षांनी फॉरेस्ट सर्व्हिसनं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय वनखात्यानं, रात्री उडणं थांबवलं. 2009 च्या ऑगस्टमध्ये त्याच डोंगरांत 'स्टेशन फायर' नावाचा वणवा पेटला, दोन अग्निशामक गेले, 1,60,000 एकर जळालं. पहिल्या रात्री आकाशातून पाणी का पडलं नाही, हा प्रश्न लोकांनी लावून धरला, तेव्हा कुठे 2013 मध्ये ती उड्डाणं परत सुरू झाली. थांबण्याचा निर्णय मला समजतो. इतकी वर्षं थांबून राहणं मात्र मला पटत नाही.

आणि 7 जानेवारी 2025. त्या संध्याकाळी लॉस एंजलिसचा पॅलिसेड्स भाग जळत होता, अंधार पडल्यावर डोंगराच्या पायथ्याशी 'ईटन' नावाची दुसरी आग लागली, आणि विमानं-हेलिकॉप्टर जमिनीवर आणावी लागली. "तुझे चष्मे कुठे गेले?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. वारा वादळी होता हो. त्या वाऱ्यात टाकलेलं पाणी जमिनीवर पोचण्याआधीच फवारा होऊन उडून जातं, आणि दरीत हेलिकॉप्टर सावरणं माणसाच्या हाताबाहेर जातं. त्या रात्री अडवलं ते वाऱ्यानं. तरीही मी पहाटेपर्यंत खिडकीशी बसून होते.

वारा उतरल्यावर हेलिकॉप्टर रात्रीही पाणी टाकू लागली. त्याच सुमारास मावशीचा फोन आला. "आता दिसतंय का गं त्यांना?"

"दिसतंय," म्हटलं, आणि फोन खिडकीबाहेर धरला. डोंगराकडून पंख्यांचा आवाज येत होता. तिला ऐकू आला का, ते मी विचारलं नाही. बराच वेळ दोघी गप्प होतो.

नंतर तपासणीला आलेल्या एका गॉगल्सच्या खाचांत राख अडकलेली होती. मऊ ब्रशनं ती काढली, काचा पुसल्या, अंधाऱ्या खोलीत चित्र पाहिलं. स्वच्छ होतं. तारीख टाकून सही केली.