तीन टिंबं

मी सबटायटल करते. वेळ जातो तो अक्षरं मोजण्यात. दोन ओळी, ओळीत साधारण चाळीस चिन्हं, आणि आपल्या 'श्री'ची संगणक चार चिन्हं धरतो. म्हणून बोललेलं सगळं लिहिता येत नाही; काय गाळायचं तेच ठरवत बसायचं.

पावसाळ्यात एका फिल्म क्लबने 'हिप्पोलित, अ लाकाय' हा इश्त्वान सेकेय यांचा १९३१चा हंगेरियन बोलपट दिला. मालवाहतुकीच्या धंद्यात पैसा कमावलेले श्नायडर आणि घराला वळण लावायला बायकोने ठेवलेला बटलर हिप्पोलित. त्याची २७ वर्षं एका काउंटच्या घरी गेलेली. आता तो मालकालाच रात्रीच्या जेवणाला डिनर जॅकेट घालायला लावतो.

हिप्पोलितच्या तोंडी मी सतत 'आपण' ठेवलं. श्नायडरनेही त्याला 'तुम्ही'च म्हणायचं, यावर दोन दिवस घातले. मालक नोकराला बिचकतो, हे त्या एका शब्दात आलं पाहिजे.

अवघड होता तो श्नायडर झालेला द्युला कबोश. वाक्य सुरू करतो, अडखळतो, ते तिथेच सोडून दुसरं धरतो. हात मात्र अजून पहिल्याच वाक्यात अडकलेला. मी तिथे तीन टिंबं दिली, नेमकी तो थांबतो त्या फ्रेमवर. एकेका जागेला वीस-वीस वेळा मागेपुढे केलं.

खेळाच्या आदल्या रात्री क्लबमधल्या कुणीतरी 'अर्धवट' वाक्यं पूर्ण करून टाकली. मला विचारलंही नाही. ज्यांना मूळ भाषेचं अक्षर कळत नाही, ते सबटायटलवर सर्रास हात चालवतात.

थिएटरात लोक पडद्यावर वाक्याचा शेवट आधीच वाचून मोकळे होत होते. मग कबोश अडखळला तरी त्यात काही उरतच नव्हतं. हशा नाही. डिनर जॅकेटला मात्र आला, तिथे शब्द लागतच नाहीत. आणि एका ठिकाणी, जिथे त्यांच्या नजरेतून माझी तीन टिंबं सुटली होती, अख्खं थिएटर खळाळून हसलं.

कबोश ज्यू होता. ज्यूविरोधी कायद्यांनी काम बंद झालं, १९३९मध्ये तो अमेरिकेला गेला आणि १९४१मध्ये न्यूयॉर्कला वारला. त्या अडखळण्यावर हंगेरी हसायची. परक्या देशात ते कोण ऐकणार होतं?

मी फाइल परत मागून घेतली आहे. बदललेल्या एकतीस जागा सापडल्या. काल रात्रीपर्यंत अकरा पुन्हा तोडल्या.