ब्लेड, टेप आणि डालेकचा आवाज

मी डबिंग स्टुडिओत साउंड करते. परदेशी मालिका आमच्याकडे येते तेव्हा तिचं संगीत आणि इफेक्ट्स वेगळ्या ट्रॅकवर तयारच असतात. आम्ही त्यावर संवाद चढवायचे. यंत्रमानवाचा आवाज हवा असेल तर प्लगइन उघडायचं, त्यातल्या त्यात बरा प्रीसेट निवडायचा आणि पुढच्या सीनला लागायचं. गेल्या वर्षी आमच्या हौशी नाट्यमंडळाने अर्ध्या तासाची एक विज्ञान-श्रुतिका करायचं ठरवलं, आवाजाची बाजू माझ्याकडे आली, आणि मी एकच अट घातली: इफेक्ट्ससाठी संगणक वापरायचा नाही. ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या वर्षी ज्या रीतीने आवाज बनले, त्या रीतीनेच बनवायचे.

ही बीबीसीची काळप्रवासावरची टीव्ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. विल्यम हार्टनेल हा चिडखोर म्हातारा डॉक्टर, कॅरोल ॲन फोर्ड ही त्याची नात सुझन, आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक: इतिहास शिकवणारी बार्बरा म्हणजे जॅकलिन हिल, विज्ञान शिकवणारा इयन म्हणजे विल्यम रसेल. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा अठ्ठाविशीचीही झाली नव्हती. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन मूळचा लखनौचा. चाहत्यांना ही नावं पाठ असतात. पण भंगारवाल्याच्या आवारात उभी असलेली पोलिसांची निळी पेटी हे काळातून प्रवास करणारं यान आहे, हे प्रेक्षकाला पटलं ते कशामुळे? पेटी तर लाकडी, जागची हलतही नव्हती. ती हलते हे आपल्याला कानांनी सांगितलं. ते काम करणारी माणसं लंडनच्या मैदा व्हेल स्टुडिओतल्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये बसत. १९५८ साली सुरू झालेला हा बीबीसीचा छोटासा विभाग. माझ्या लेखी ती माणसं त्या मालिकेतल्या नटांच्याच पंगतीतली आहेत.

सुरुवात मशीनपासून झाली. आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक काका आमच्या ओळखीत आहेत. त्यांच्याकडे पाव इंची टेपचं जुनं स्पूल मशीन होतं. बेल्ट बदलला, हेड स्पिरिटने पुसले आणि ते चालू झालं. पहिल्याच दिवशी मी ब्लेड उचललं तर काका म्हणाले, “अगं थांब, आधी ते डीमॅग्नेटाइज कर, त्यातलं चुंबकत्व काढ. नाहीतर प्रत्येक जोडावर टिक् वाजेल.” मग त्यांनी टेप ब्लॉकमध्ये बसवून पंचेचाळीस अंशांत तिरका काप कसा घ्यायचा ते दाखवलं. तिरक्या कापामुळे एक आवाज दुसऱ्यात हळूच मिसळतो, सरळ कापला तर तो दाणकन सुरू होतो. दोन्हींची गरज पडते, फक्त कुठे कोणता हे आधी ठरलेलं हवं.

सेकंदाला १५ इंच या वेगाने टेप धावते. म्हणजे एक सेकंद १५ इंचांचा, पाव सेकंदाचा स्वर पावणेचार इंचांचा. स्क्रीनवर लाटा बघून काम करणाऱ्या मला हे फार विलक्षण वाटलं. वेळ फूटपट्टीने मोजायची, चिनाग्राफ म्हणजे मेणाच्या पेन्सिलीने टेपच्या पाठीवर खूण करायची, कापायची, चिकटवायची. रील हातांनी पुढेमागे ओढत स्वर नेमका कुठे उठतो ते शोधताना मशीनमधून जे गुरगुरणं ऐकू येतं, त्यावरून तुम्हाला जागा सापडते. हे कानाला बसायला बराच काळ लागतो आणि त्याला शॉर्टकट नाही.

मालिकेचं शीर्षकसंगीत असंच तयार झालं. संगीतकार रॉन ग्रेनरने स्वरलिपी लिहून दिली, आणि वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बीशायरने सहकारी डिक मिल्सच्या मदतीने ती आवाजात उतरवली. वाद्यवृंद नाही, सिंथेसायझर नाही. एक तार छेडून ती ध्वनिमुद्रित केली, टेपचा वेग बदलून त्यातून वेगवेगळे स्वर काढले. वरची सुरावट ऑसिलेटरमधून, म्हणजे चाचणीसाठी सलग एक स्वर देणाऱ्या उपकरणातून, आणि फुत्कारासारखे आवाज फिल्टरने गाळून घेतलेल्या गोंगाटातून. प्रत्येक स्वर म्हणजे टेपचा वेगळा तुकडा. मल्टिट्रॅकची, म्हणजे एकाच टेपवर अनेक आवाज वेगवेगळे मुद्रित करायची सोय नव्हती, म्हणून थर वेगवेगळ्या मशीनवर चढवून ती एकदम सुरू करायची आणि जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं. एकदा कुठेतरी एक स्वर चुकत होता आणि सापडत नव्हता, तेव्हा त्यांनी सगळ्या टेपा मैदा व्हेलच्या लांब कॉरिडॉरमध्ये उलगडून शेजारीशेजारी पसरल्या आणि जोड डोळ्यांनी ताडून पाहिले, हा किस्सा डिक मिल्सने सांगितलेला आहे.

मी आमच्या श्रुतिकेसाठी जेमतेम दोन आवर्तनांची धून करायला घेतली. देवदारी फळीवर एक पोलादी तार ताणली, छेडली, मुद्रित केली. अर्धा स्वर वर जायचं तर वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढवावा लागतो. वेग वाढला की स्वर आखूडही होतो, म्हणून वरच्या स्वरांसाठी तार मुद्दाम लांब वाजू द्यायची आणि मग मापात कापायची. हे गणित वहीत मांडताना मला डेलियाबद्दल जे वाटलं ते आदरापेक्षा मोठं होतं. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेली ही बाई डेका या रेकॉर्ड कंपनीत काम मागायला गेली तेव्हा आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओत बायका घेत नाही असं तिला सांगितलं गेलं. १९६० मध्ये ती बीबीसीत लागली. तिने केलेली धून ऐकून खुद्द ग्रेनरने विचारलं, “हे मी लिहिलं होतं?” ती म्हणाली, “बरंचसं.” त्याला तिला मानधनात वाटा द्यायचा होता, बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव आलं ते २०१३ साली, पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात. ती २००१ मध्येच गेली होती. मला याचा अजूनही राग येतो.

यानाच्या आवाजाला वर्कशॉपमधल्याच ब्रायन हॉजसनची पद्धत वापरली. त्याने आईच्या घराच्या दाराची किल्ली एका मोडक्या पियानोच्या खर्जाच्या तारांवरून ओढली होती. मुंबईत पियानो दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांच्या मागच्या पडवीत लाकूड काढून टाकलेला नुसता लोखंडी सांगाडा उभा होता. तारा शाबूत होत्या. त्यांनी आनंदाने परवानगी दिली. खर्जाच्या तारेवर तांब्याचं वेटोळं गुंडाळलेलं असतं. किल्ली त्याच्या एकेका पेरावरून घसरते, आणि हात जसजसा जोरात ओढाल तसतसा आवाज वर चढतो. फ्लॅटच्या लॅचची चपटी किल्ली नुसती किरकिरली. मग कोकणातल्या घराच्या जुन्या कुलपाची वीतभर लोखंडी किल्ली आणली. तिच्या वजनाने तार पोटातून विव्हळली. हाताला तो कंप कोपरापर्यंत जाणवत होता.

तो आवाज निम्म्या वेगाने वाजवला तेव्हा एक सप्तक खाली गेला. उलटा वाजवला तेव्हा जे आधी विरत होतं ते आता उगवायला लागलं. मग मशीनच्या प्लेबॅक हेडमधून येणारा आवाज पुन्हा रेकॉर्ड हेडकडे पाठवला. दोन हेडमधलं जेमतेम दोन इंचांचं अंतर कापायला टेपला एका सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा लागतो, तेवढ्या अंतराने प्रतिध्वनी स्वतःवरच चढत जातो. फीडबॅकची खुंटी केसभर पुढे गेली की सगळं किंचाळतं, म्हणून काका खुंटीवर आणि मी मीटरवर. यान निघालं.

खरी कसोटी पुढे होती. आमच्या श्रुतिकेत परग्रहावरच्या यंत्रजीवांचा एक सेनापती आहे, आणि त्याला डालेकच्या जातीचा आवाज हवा होता. डालेक म्हणजे ‘डॉक्टर हू’मधले धातूच्या कवचातले क्रूर परग्रहवासी, ते २१ डिसेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या कथेत आले. लेखन टेरी नेशनचं, तो घंटेसारखा घाट रेमंड क्युसिकचा, आत बसून ते चालवणारी माणसं वेगळी, आणि आवाज पीटर हॉकिन्स व डेव्हिड ग्रॅहम या दोघांचे. हे दोघे बाजूला मायक्रोफोनपाशी बसून चित्रीकरण चालू असतानाच बोलत, त्यांचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून, म्हणजे दोन आवाजांतून तिसराच आवाज काढणाऱ्या यंत्रातून जाई. काकांनी दोन ट्रान्सफॉर्मर आणि चार डायोड जोडून मला तसं मॉड्युलेटर करून दिलं, ऑसिलेटर ३० हर्ट्झवर लावला. गणित सोपं आहे: बोलण्यातल्या प्रत्येक कंपनसंख्येत ३० मिळवायचे आणि ३० वजा करायचे. २०० हर्ट्झचा घटक गेला की २३० आणि १७० बाहेर पडतात, मूळचा २०० गायब. म्हणून आवाज माणसाचा राहत नाही.

आमचा नट बँकेत नोकरी करतो, आवाज भारदस्त. त्याने संवाद नेहमीसारखे म्हटले, आणि ऐकू आलं ते स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखं. मी ऑसिलेटर खालीवर केला, पातळी बदलली. काही उपयोग नाही. मग हॉकिन्स आणि ग्रॅहमचे जुने प्रसंग आम्ही दोघांनी डोळे मिटून ऐकले. ते शब्द अक्षराअक्षरांत तोडतात. स्वर ताणून धरतात, कारण मॉड्युलेटरला चावायला सलग स्वर लागतो. व्यंजन क्षणात निसटतं. सुरुवातीला पट्टी सपाट आणि संताप वाढला की शेवटच्या अक्षरांवर घसा फाटेस्तोवर वर. मी संवादच बदलून घेतले: आकार आणि ईकार भरपूर असलेले छोटे शब्द. “आज्ञा. पाळा. मागे. जा.”

“मला माझा तो बिघडलेला आवाज कानात दे ना, ताई,” तो म्हणाला. हेडफोनमध्ये मॉड्युलेटरमधून येणारा आवाज दिला आणि पुढच्या टेकला माझ्या अंगावर काटा आला. तो आता त्या यंत्राशी जुळवून बोलत होता, कुठे थांबायचं, कुठे दाबायचं हे त्याला ऐकून कळत होतं. माझ्या रोजच्या कामात नट बोलून घरी जातो आणि इफेक्ट मागाहून लागतो. ती पद्धत मला आता अर्धवट वाटते. २००५ पासून डालेकला आवाज देणारा निकोलस ब्रिग्सही सेटवर मॉड्युलेटर घेऊन बसतो आणि समोरच्या नटाशी तिथल्या तिथे बोलतो, ते यामुळेच.

त्या काळातले बरेच भाग बीबीसीने पुसून टाकले. चित्र गेलं, पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण घरोघरच्या चाहत्यांनी टीव्हीचा आवाज स्वतःच्या टेपवर धरून ठेवला होता. आम्ही ते भाग नुसते ऐकले आणि गोष्ट कुठेही अडली नाही. श्रुतिका करणाऱ्यांना यापेक्षा चांगला पाठ मिळणार नाही.

आमची श्रुतिका मंडळाच्या हॉलमध्ये ऐकवून झाली. पुढच्या भागात लेखकाने एक यांत्रिक कुत्रा आणला आहे. ‘डॉक्टर हू’मधल्या के-नाइन या यांत्रिक कुत्र्याला आवाज देणारा जॉन लीसन तालमींत चक्क चार पायांवर चालायचा, म्हणजे तेव्हा डॉक्टर झालेल्या टॉम बेकरला बोलायला समोर कुणीतरी असायचं, हे मी आमच्या नटाला सांगितलं. त्याने लगेच विचारलं, तालीम कधी? येत्या रविवारी सतरंजी पसरून सुरुवात करतोय, आणि या वेळी मॉड्युलेटर पहिल्या वाचनापासून चालू राहील.