अंगठा सुजला आणि पाइप रुसला
पाइप ओढायला अंगठा किती लागतो ते त्यालाच गांधीलमाशी डसली की कळतं. तंबाखू दाबायची, काडी ओढायची, पाइपची गरम वाटी धरायची, सगळं त्याच्याच जिवावर आणि माझा नेमका तोच टरारून सुजलेला. मधमाशीचा काटा आत राहतो, तो निदान नखाने खरवडून काढता येतो, ही बया काही ठेवत नाही, नुसती आग. आई लगेच चुना घेऊन हजर, शेजारच्या काकू म्हणे कांदा चोळ, मी दोन्ही केलं (खरं बरं वाटलं ते बर्फाने). पण मग पाइप तोंडाशी नेला की लॅटाकिया तंबाखूच्या धुरकट वासाआधी भेळेची गाडी नाकात! रात्री सेट्रिझिन (ॲलर्जीची गोळी) घेतली तर तोंड कोरडं, डोळे जड, पाइप सारखा विझतोय, आणि कोरड्या जिभेला धूर नुसता चरचरतो, चव शून्य. धुराने मधमाश्यांचा धोक्याच्या इशाऱ्याचा गंध झाकला जातो म्हणून पोळं काढताना धूर करतात, पण या गांधीलमाशीला माझ्या धुराचं काही सोयरसुतक नव्हतं. सध्या डाव्या हाताने टॅम्पर (तंबाखू दाबायचा दट्ट्या) चालवतोय, अर्धी तंबाखू लुंगीवर.